बाल्कनीत बसणार कोण?

बाल्कनीसाठी फर्निचर घ्यायला निघाला आहात? मग दुकानात शिरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घरीच ठरवून जा. तिथे बसणार कोण? आणि किती वाजता?

आमच्या घरी ही उत्तरं न ठरवताच खरेदी झाली, आणि त्यात माझ्या आईचं एक अख्खं वर्ष गेलं. ठाण्यात चौथ्या मजल्यावर आमची बाल्कनी. साडेतीन फूट रुंद, नऊ फूट लांब, तोंड पश्चिमेला. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून येऊरचा डोंगर दिसतो. आई गुहागरचं घर बंद करून कायमची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिला संध्याकाळी बसायला जागा हवी म्हणून मी सेट आणला. वेतासारख्या विणीच्या दोन गोल, खोलगट खुर्च्या आणि मध्ये काचेचं टेबल. दुकानात कोणी विचारलं नाही की बाल्कनी केवढी आहे. मीही सांगितलं नाही.

आई त्या खुर्चीत एकदाच बसली. बैठक इतकी खाली आणि इतकी मागे कललेली, की तिला उठताच येईना. मी दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा उठली, आणि काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल उंबरठ्यावर ठेवून बसू लागली. अर्धी आत, अर्धी बाहेर. खुर्च्यांवर टॉवेल वाळू लागले. पहिल्या पावसाळ्यातच विणीखालची लोखंडी चौकट गंजली आणि लाद्यांवर चार-चार तपकिरी वर्तुळं उमटली. ती घासूनही गेली नाहीत.

म्हणून सांगते, सेट घेऊ नका. ‘सेट’ ही विकणाऱ्याची सोय आहे. तीन वस्तू एका बिलात जातात. दुकानाच्या ऐसपैस फरशीवर तो छान दिसतो, कारण तिथे त्याच्या पाठीशी भिंत नाही, समोर कठडा नाही, बाजूला सरकतं दार नाही आणि डोक्यावर कपड्यांची दोरी नाही. जाहिरातीतला फोटोही असा काढलेला असतो की फोटो काढणाऱ्याला उभं राहायला मोकळी जागा मिळालेली असते. तुमच्या बाल्कनीत ती कुठून येणार?

आणि ही जागा फुकटची समजू नका. २०१६च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात बाल्कनी धरत नाहीत. पण घर घेताना तिचे पैसे कोणत्या ना कोणत्या आकड्यात तुम्ही दिलेलेच असतात. आमची बाल्कनी साडेएकतीस चौरस फुटांची. चौरस फुटाला दहा हजार रुपयेच धरले तरी तीन लाखांच्या वर जातात. तीन लाखांच्या जागेत कपड्यांचा स्टँड, एसीचं बाहेरचं यंत्र, फुटकी बादली आणि गेल्या गणपतीचं मखर! आपल्या घरातली आभाळाखालची एवढीच जागा, आणि तिथे माणूस सोडून सगळं.

मुंबईत तर ही जागा टिकली तेच नवल. जुन्या नियमांत बाल्कनी चटई क्षेत्र निर्देशांकातून, म्हणजे एफएसआयमधून, ठरावीक मर्यादेपर्यंत वगळलेली असायची आणि शुल्क भरून ती बंदिस्त करण्याची मुभा होती. मग घराघरांतल्या गॅलऱ्या काचा लावून खोल्यांत मिसळल्या. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले, बाल्कनीही निर्देशांकात मोजली जाऊ लागली, आणि कित्येक नव्या इमारतींच्या नकाशांतून ती गायबच झाली. ज्यांच्याकडे आज चार बाय आठची का होईना, उघडी बाल्कनी आहे, त्यांनी तिची अडगळ करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता मापाकडे या. बाल्कनी मोजू नका, उरणारी जागा मोजा. आमची रुंदी १०७ सेंटिमीटर. त्या गोल खुर्चीची खोली ७०. उरले ३७. माणसाला सरळ चालत जायला ६० सेंटिमीटर तरी लागतात. म्हणजे एक खुर्ची ठेवली की पलीकडे तुळशीला पाणी घालायला जाणाऱ्याने अंग चोरत जायचं. हे गणित दुकानात जाण्याआधी पाच मिनिटांत झालं असतं. खुर्चीचं माप दुकानातून फोनवर विचारा, तेवढ्या आकाराची वर्तमानपत्रं बाल्कनीच्या फरशीवर चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. दार उघडा, कपडे वाळत घाला, झाडू मारा, मोरीची जाळी साफ करा. कागदावर पाय पडतोय? मग तिथे खुर्ची बसणार नाही.

दाराकडेही नीट बघा. सरकत्या दाराचा कोणता पल्ला रोज उघडतो, ते घरातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि फर्निचर घेताना सगळे विसरतात. बिजागरीचं दार बाहेर उघडत असेल तर त्याच्या फेऱ्यातली जागा तुमची नाहीच.

बाहेर तोंड करून बसायचं, ही सवय अरुंद बाल्कनीत सोडावी लागते. खुर्चीच्या पाठीपासून ऐसपैस टेकलेल्या पावलांपर्यंत मीटरभराहून जास्त जागा जाते. साडेतीन फुटांत पावलं कठड्याला लागतात. त्यापेक्षा लांबीच्या दिशेने बसा. लोकलमधल्या खिडकीच्या दोन जागा आठवा. माणसं समोरासमोर बसतात आणि दोघंही मान वळवून बाहेर बघतात. नऊ फुटांत असे दोघे आरामात मावतात, मधून चहाचा कप द्यायलाही जागा राहते. तीन फूट रुंद बाल्कनीतसुद्धा हे जमतं. बाहेर तोंड करून तिथे एकालाही ऐसपैस बसता येत नाही.

बैठकीची उंची ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि दुकानात कोणीही ती मोजत नाही. साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची उंची. वयस्कर माणसाच्या गुडघ्यांना तीच मानवते. ‘लाउंज’ म्हणून विकतात त्या खुर्च्या याहून बऱ्याच बुटक्या असतात. त्यांच्यात बसलं की दोन गोष्टी होतात. एक, उठता येत नाही. दुसरी, समोर दिसते फक्त भिंत. बाल्कनीचा कठडा मीटरभर किंवा थोडा जास्त उंच असतो. दीड फुटाच्या बैठकीवर ताठ बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या थोडे वर येतात. बैठक वीतभर खाली गेली की डोळे कठड्याच्या रेषेवर किंवा खाली जातात. कठडा विटांचा असेल, तर एवढे पैसे मोजून तुम्ही रंगवलेली भिंत बघत बसणार.

आणि खुर्चीला हात हवेत. पुढच्या कडेपर्यंत येणारे हात, ज्यांवर तळवे टेकून रेटा देता येतो. अर्ध्यावर संपणारे किंवा गोल वळून खाली जाणारे हात उठताना कामाचे नाहीत. आई पहिल्या खुर्चीतून उठू शकली नाही, त्यात तिच्या गुडघ्यांइतकाच दोष त्या गोल हातांचा होता.

याच उंचीची दुसरी बाजू मात्र भीतीची आहे, आणि इथे मला जरा आवाज चढवायचा आहे. लहान बाल्कनीसाठी हल्ली सगळे एक सल्ला देतात. कठड्याला लागून लांब बाकडं करा, आत सामान ठेवा, वर गादी घाला. जागा वाचते, फोटो छान येतो. घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडं येत असतील, तर हे बाकडं करू नका. साधी वजाबाकी करा. कठडा १०० सेंटिमीटर. बाकडं ४५. मूल बाकड्यावर उभं राहिलं की त्याच्यापुढे कठडा उरतो ५५ सेंटिमीटरचा, त्याच्या कमरेपाशी. गादी घातली तर आणखी कमी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कठड्याला किमान उंची ठरवून दिली आहे ती माणूस पडू नये म्हणून, आणि आपण पायरी आणून ठेवतो. हीच गोष्ट खुर्चीची, स्टुलाची, उलट्या कुंडीची आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची. जे चढता येतं ते कठड्यापासून दूर, आतल्या भिंतीला लागून. आणि हलकी खुर्ची मूल स्वतः ओढत नेतं, म्हणून तिचा वापर संपला की ती घडी करून आत. जाळी किंवा ग्रिल असेल तर गोष्ट वेगळी, पण ग्रिलला आडव्या पट्ट्या असतील तर तीही शिडीच.

कठड्यावर बाहेरच्या बाजूला अडकवायची फळी मिळते, तीही नको. कप, मोबाइल, कुंडी, काहीही खाली गेलं तर खाली कोणीतरी चालत असतं. भिंतीला बिजागऱ्यांवर लावलेली, हवी तेव्हा उघडून आधार लावायची फळी पुरते. दोन कप आणि एक पुस्तक, याहून जास्त त्या टेबलावर कधी असतं?

आता लोखंड, लाकूड, प्लास्टिक. आपल्याकडचं उत्तर पावसावर ठरतं. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर झड आत येते. वरच्या मजल्याची बाल्कनी डोक्यावर आहे म्हणून आपली कोरडी राहील, हा समज पहिल्याच जुलैत फिटतो. त्यात किनाऱ्याचा खारा वारा. पावडर कोटिंग केलेलं लोखंड चांगलं दिसतं, पण वेल्डिंगच्या सांध्यापाशी किंवा पायाच्या तळाशी एक ओरखडा गेला की आतून गंज धरतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. आमच्या चार-चार वर्तुळांचं कारण हेच. लोखंडच घ्यायचं असेल तर पायांना रबरी बुचं आहेत का ते बघा, आणि दर मे महिन्यात ओरखड्यांवर रंगाचा हात मारायची तयारी ठेवा. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही आणि ते उचलायला हलकं. स्टेनलेस म्हटलं की निर्धास्त होऊ नका. नेहमीच्या ३०४ प्रतीवर समुद्राजवळ तपकिरी ठिपके येतात. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असतं, म्हणून ती खाऱ्या हवेत जास्त टिकते.

वेत म्हणून जे बाल्कनीसाठी विकलं जातं ते बहुतेक वेळा पॉलिइथिलीनच्या पट्ट्यांचं विणकाम असतं. पट्टी पावसात कुजत नाही हे खरं. पण विणीच्या आतली चौकट कशाची आहे ते विचारा, खुर्ची उलटी करून बघा. लोखंडाची असेल तर वीण शाबूत राहील आणि सांगाडा जाईल. खरा वेत सुंदर, पण पावसाची झड त्याला सोसत नाही, बुरशी धरते. तो घराच्या आत ठेवा.

सगळ्यांना परवडते ती एकसंध प्लास्टिकची खुर्ची. पॉलिप्रॉपिलीनची, एका साच्यातून एकदम निघालेली, जगभर पसरलेली. तिच्याबद्दल नाक मुरडणारे मला आवडत नाहीत. दीड फुटाची बैठक, हात, पाठ, एकावर एक रचता येण्याची सोय, हे सगळं तिच्यात आहे. एकच गोष्ट सांभाळा. पश्चिमेच्या उन्हात वर्षानुवर्षं राहिली की तिच्यावर हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते. ती पूड म्हणजे प्लास्टिक उन्हाने खाल्ल्याची खूण. मग एक दिवस पाय काडकन तुटतो, आणि वर बसलेली असते आजी. पूड दिसली की खुर्ची काढा. तिच्यावर बसून अजून किती दिवस जातील ते बघत राहू नका.

लाकडात सागवान. बल्लारपूर-अल्लापल्लीचा साग आपल्याच राज्यातला. त्याच्या लाकडात मुळातच तेल असतं म्हणून तो उन्हापावसात टिकतो, मात्र गाभ्याचा. कडेचं पांढुरकं लाकूड जोडलेलं असेल तर कीड तिथूनच शिरते, म्हणून पॉलिश चढवण्याआधी बघा. पुढे लाकूड करडं पडतं, त्याने काही बिघडत नाही. कोकणातला माणगा बांबू भरीव असतो आणि त्याच्या खुर्च्या भक्कम होतात, पण बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेलाच घ्या. नाहीतर महिन्याभरात खुर्चीखाली पिवळसर भुकटी दिसू लागते.

हलकं फर्निचर सोयीचं, पण ते बाहेर सोडून जाऊ नका. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले होते. दहाव्या मजल्यावरून उडालेली अडीच-तीन किलोंची खुर्ची खाली काय करेल?

जडाचाही हिशेब आहे. बाल्कनी म्हणजे बहुतेक वेळा भिंतीतून बाहेर काढलेली फळी. भारतीय मानकात घरातल्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार धरतात. दोन खुर्च्या आणि दोन माणसं यांनी काही होत नाही. पण ओल्या मातीच्या मोठ्या कुंड्या सगळ्या बाहेरच्या कडेला रांगेत लावल्या, की जिथे भार नको तिथेच तो जातो. जुन्या इमारतीत तर अजिबात नको. आणि वर लाकडी पट्ट्यांची जमीन करण्यासाठी कोणी छिन्नी-हातोडा घेऊन आलं तर त्याला थांबवा. अशा पुढे काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्याच अंगाला असते. लोंबता झोपाळाही आधी इंजिनियरला विचारून. पायावर उभ्या मिळतात त्या पाळण्यांचं बूड जवळपास मीटरभर व्यासाचं असतं, म्हणजे बाल्कनी संपली.

पुण्याच्या वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. तिथल्या कित्येक इमारतींत एकाआड एक मजल्याला डावी-उजवीकडे निघणाऱ्या टेरेस असतात, आणि डोक्यावर लगेच छत नसतं. पाऊस मुंबईपेक्षा खूप कमी, पण ऊन थेट. तिथे गंजापेक्षा तापण्याची काळजी घ्या. एप्रिलमध्ये दुपारी चारला धातूच्या खुर्चीला उघडी मांडी लावून बघा. नवारीची किंवा कापडाची बैठक तिथे खरी.

हिरव्या कृत्रिम गवताची चटई कुठेच नको. उतार झाकते, पाणी धरते, मोरी तुंबवते. गाद्या घ्या, पण खोळ काढता येणाऱ्या, आणि रात्री आत. बाहेर राहिल्या की कबुतरांच्या होतात.

पोकळ नळ्यांच्या फर्निचरची तोंडं बंद आहेत का तेही बघा. स्टुलाच्या खोबणीत, कुंडीखालच्या ताटलीत, घडी केलेल्या टेबलाच्या खाचेत पाणी साचतं. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दीड आठवड्यात तयार होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून सांगतं, तो हंडे-पिंपांपुरता ठेवू नका. त्या दिवशी खुर्च्याही उलट्या करा.

आईच्या गुहागरच्या घराला ओटी होती. तिथे ‘बाहेरचं फर्निचर’ नावाचं काही नव्हतं. झोपाळा होता, तो पक्का. बाकी सगळं येत-जात असायचं. दुपारी चटई बाहेर यायची, सुपं यायची, आंब्याच्या दिवसांत पाट यायचे, पाहुणा आला की आतली खुर्ची यायची. काम संपलं की जे आतलं ते आत. म्हणून पागोळ्या गळत असल्या तरी ओटी मोकळी असायची आणि कोणीही कधीही येऊन बसू शकायचं. हे आईला ठाऊक होतं. मी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. मी तिच्यासाठी खुर्ची घेतली, पण तिला दुकानात नेलं नाही.

दुसऱ्यांदा नेलं. अंबरनाथच्या एका सुताराकडे. तिने तीन खुर्च्यांत बसून, उठून बघितलं. तिसरीच्या हातांवर तळवे टेकले, उठली, परत बसली आणि म्हणाली, ‘‘ही घडी होते ना? मग ही. आणि एकच घे गं. दुसरं कोणी आलं तर आतली आणू.’’

सागवानाची, नवारीच्या बैठकीची, घडी केल्यावर चार बोटं जाड. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाते. संध्याकाळी साडेपाचला, ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं की आई ती स्वतः बाहेर आणते, लांबीच्या दिशेने मांडते, पाठ आतल्या भिंतीच्या कोपऱ्याला. दिवेलागणीला आत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने ती पुसून, तेलाचा हात देऊन फटीत सरकवली होती. परवा पावसाने उघडीप दिली, तर चार वाजताच विचारत होती, ‘‘लाद्या वाळल्या का गं?’’